तोताराम नानांची तीन हजार रिबिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ज्ञानेश्वर ठोंबरे साहेब, पाचोऱ्याहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे वना महाजन सर, शाल आणि श्रीफळ मांडीवर घेऊन अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती आदरणीय तोताराम नाना भामरे, त्यांना इतकी वर्षं सहन करणाऱ्या सुनंदा अक्का, समोर पहिल्या रांगेत बसलेले नानांचे वडील आणि आम्हा सगळ्यांचे अमृत आबा, रेल्वे वर्कशॉपमधले माझे सहकारी, माता-भगिनी, आणि भरताच्या वासाकडे लक्ष ठेवून मागच्या दाराशी उभी असलेली मित्रमंडळी, पेंट शॉपच्या भूपेंद्र भंगाळेचा आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

सूत्रसंचालक मगनभाऊंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आता मी पडलो रंगारी. आमचा पहिला हात वाळायलाच पाच तास लागतात. तेव्हा मगनभाऊ, घड्याळाकडे बघून बघून मान दुखवून घेऊ नका. भरीत जरा मुरलं तर त्याची चव वाढतेच.

आज एकतीस मे. नानांच्या पिढीतले निम्मे लोक आजच्या तारखेला घरी जातात, कारण शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, पोरगा कधीचा? बाप म्हणायचा, पेरणीच्या आसपासचा. मास्तर लिहायचे, एक जून. पिंपळनेरजवळच्या शाळेत नानांचंही असंच झालं. आबा तर सांगतात की नाना खरे दिवाळीनंतरचे. म्हणजे हिशेबानं नाना आज पाच महिने आधीच निवृत्त होत आहेत. साहेब, आपण हे ऐकलं नाही असं समजा. ज्या माणसानं एकोणचाळीस वर्षांत एकही काम वेळेआधी संपवलं नाही, त्याचं निदान एक काम तरी वेळेआधी होऊ द्या.

हसू नका, खरं आहे. नाना उत्तम फिटर, पण घाई हा शब्द त्यांच्या गावाला गेलाच नाही. आम्ही यावल-रावेरकडचे लोक, आमचं काम झटपट, बोलणं झटपट. नाना धुळ्याकडचे. एखादा नट आवळला की दोन पावलं मागे होणार, मान वाकडी करून पाहणार, परत जाऊन पाव आटा फिरवणार. त्या पाव आट्यानं काय फरक पडतो, हे मी बावीस वर्षं विचारतोय. बावीस वर्षं ते म्हणताहेत, "पडस."

साहेब नागपूरहून नवीनच बदलून आले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो, पडस म्हणजे पडतो. नाना वर्कशॉपमध्ये मराठी बोलतात, पण वाद घालायचा झाला की अहिराणीवर येतात.

मघाशी महाजन सर म्हणाले, नानांना इंजिनांची छोटी मॉडेलं करण्याचा छंद आहे. सर, आपला पूर्ण आदर राखून सांगतो, छंद म्हणजे टपालाची तिकिटं जमवणं. नानांना आहे ती खोड. आणि ही खोड इंजिन करण्याची म्हणावी, तर तसंही नाही. इंजिनाचा सांगाडा, चाकं, धुराडं हे सगळं नानांनी चार महिन्यांत उरकलं. नंतरची सहा वर्षं ते फक्त त्याच्यावर रिबिटं काढत होते.

इथं बसलेल्या नव्या पोरांनी रिबिट पाहिलंही नसेल. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात पत्र्याला पत्रा वेल्डिंगनं जोडत नसत. लालबुंद तापवलेलं रिबिट भोकातून घालायचं, आतून एकानं दाबून धरायचं, बाहेरून दुसऱ्यानं ठोकायचं. ठोकून झालं की पत्र्यावर गोल टोपी उरायची. इंजिनामागचा टेंडर, म्हणजे कोळसा आणि पाणी वाहणारा डबा, त्याच्या अंगभर या टोप्या. आपले अमृत आबा ही रिबिटं तीस वर्षं ठोकत होते. त्यात त्यांचा उजवा कान गेला. डावा शाबूत आहे, म्हणून मी हा माइक जरा त्यांच्या बाजूला वळवून घेतो.

तर नानांचं मॉडेल आहे चोवीस फुटांना एक फूट या मापाचं. त्या मापात आबांचं रिबिट किती होतं? राजगिऱ्याच्या दाण्याएवढं.

राजगिरा मी उगीच म्हणत नाही. नानांनी पहिल्यांदा खरोखर राजगिराच वापरला. चहाच्या दोन गाळण्यांतून चाळून एकसारखे दाणे वेगळे काढले आणि कणकेच्या खळीनं टेंडरला चिकटवले. आषाढी एकादशीला अक्कांनी डबा उघडला तर तळाशी नुसता भुगा. नाना म्हणाले, मला माहीत नाही. पण दोन दिवसांनी टेंडरची एक अख्खी बाजू सपाट झालेली निघाली. रात्री उंदरांनी खळीसकट सगळी रिबिटं फस्त केली होती. अक्का एवढंच बोलल्या, "उंदीरसनी बी एकादस करी वाटस."

मग नानांनी धरली सुई. सुईच्या टोकानं फेव्हिकॉलचा थेंब ठेवायचा, तो वाळला की झालं रिबिट. थेंब ठेवताना हात हलू नये म्हणून नाना श्वास रोखून धरायचे. अक्का स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, जेवाले येतस का? उत्तर नाही. पुन्हा हाक, उत्तर नाही. एकदा तर त्या घाबरून शेजारच्यांना घेऊन आत धावल्या. नाना टेबलावर डोकं टेकून, एक डोळा मिटून बसलेले. हात वर करून त्यांनी सगळ्यांना थांबवलं, थेंब ठेवला, श्वास सोडला आणि म्हणाले, "काय व्हयनं?" पण तो थेंबही दगा द्यायचा. वाळला की खाली बसायचा. बोटाला काही लागायचंच नाही.

शेवटी सापडला पत्रा. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याचा पत्रा पातळ आणि मऊ असतो. तो कापून, सपाट करून, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर पालथा ठेवायचा. गजराच्या जुन्या घड्याळाचं दातेरी चाक पट्टीच्या कडेनं फिरवायचं, म्हणजे सारख्या अंतरावर खुणा उमटतात. मग बोथट केलेल्या दाभणानं एकेका खुणेवर दाब द्यायचा. पत्रा उलटा केला की सुलट बाजूला टोपी वर आलेली. जोर जास्त झाला की भोक पडतं, कमी झाला की काहीच उमटत नाही. ओळीतलं एक जरी बिघडलं तरी नाना ती पट्टी फेकून देत.

या पत्र्यापायी नाना लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागच्या बाजूला पिशवी घेऊन फिरू लागले. आता तिथं सापडणारे सगळेच डबे काही कोल्ड्रिंकचे नसतात. कॉलनीत काही दिवस नानांविषयी निराळीच कुजबुज होती. आबा, मी साक्षीदार आहे, ते डबे नाना रिकामेच आणायचे.

असो. एकदा दुपारच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, नाना, एवढी डोकेफोड कशाला? बारीक ब्रशनं ठिपके देतो मी. अर्ध्या तासाचं काम. चार हातांवरून कोणाला कळणार आहे?

नाना म्हणाले, "आबाले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काचबिंदूनं आबांची नजर जाऊन आता अकरा वर्षं झाली. आबा माणसं ओळखतात ती आवाजानं, आणि वस्तू पाहतात बोटांनी. माझे ठिपके आबांच्या काय उपयोगाचे? आणि या मॉडेलचा नकाशाही आबाच. कागदावर काहीच नव्हतं. आबा खाटेवर बसून सांगत, कोपऱ्याला दुहेरी ओळ, मधल्या पट्टीला एकेरी, मागच्या पत्र्याला माझ्या हातचं ठिगळ, त्याला बारा. नाना वहीत लिहून घेत. असं करत करत तीन हजार एकशे अठरा रिबिटं झाली.

आता साहेब, मी जरा पाणी पितो, कारण यापुढचं बोलणं सोपं नाही. नाना मला खुणा करताहेत, बस कर म्हणून. नाना, बावीस वर्षं तुमचं ऐकलं, आज नाही ऐकणार.

गेल्या वर्षीची आखाजी. साहेब, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. तो आमच्याकडचा दिवाळीएवढा मोठा सण. आखाजीला इंजिन तुमच्या मांडीवर ठेवतो, असा शब्द नानांनी आबांना दिला होता. सण दहा दिवसांवर आला, शेवटचं रिबिट उमटलं, पत्रे चिकटले, राखाडी अस्तराचा एक पुसट हात झाला, राहिला फक्त काळा रंग. तेवढ्यात नाना पुतणीच्या लग्नाला चार दिवस पिंपळनेरला निघाले. घरी लग्नाच्या पाहुण्यांची गर्दी, म्हणून इंजिन त्यांनी पेंट शॉपमधल्या माझ्या कपाटात ठेवलं. म्हणाले, "भूपेंद्र, सांभाळ. रंग मी आल्यावर देईन, पातळ."

मी मनात म्हटलं, मी असताना नानांनी रंग का द्यावा? आल्यावर एकदम पाहतील आणि खूश होतील. मंडळी, मी डबे रंगवणारा माणूस. सत्तर फुटी डबा. आमच्या हाताला एकच धर्म ठाऊक, पृष्ठभाग आरशासारखा झाला पाहिजे. मी काळ्या इनॅमलचा दणदणीत एक हात मारला. वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरनं घोटला. दुसरा हात मारला. पुन्हा घोटला. वरून व्हार्निश. तिसऱ्या दिवशी टेंडरमध्ये मला माझ्या मिशा दिसल्या, इतका तो चकाकत होता. आणि मी मिशांवरून हात फिरवला. ज्या पत्र्यावर शेकडो उंचवटे आहेत त्यात मिशा स्वच्छ कशा दिसतील, एवढा साधा विचार मला शिवला नाही.

नाना आले. त्यांनी टेंडरवरून तळहात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. म्हणाले, "हात चांगला बसला शे तुना." मग टेंडर उजेडाकडे तिरका धरून पाहिला. शेवटी म्हणाले, "भूपेंद्र, इंजिन चोवीस पट लहान करता येतं. रंग लहान करता येत नाही."

रिबिटं माझ्या रंगाखाली बुडाली होती, आणि जी बुडाली नव्हती ती मी घोटून काढली होती. सहा वर्षांचं काम मी तीन दिवसांत गुळगुळीत केलं. नानांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आखाजीला मला जेवायला बोलावणं होतं. गेलो. न जाण्याचीही हिंमत झाली नाही. आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, हात धुऊन-पुसून खाटेवर बसले होते. नानांनी इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांची बोटं धुराड्यावरून निघाली, बॉयलरवरून खाली आली, ड्रायव्हरच्या खोलीत शिरली, बाहेर आली. आबांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग बोटं टेंडरवर आली आणि पुढंमागं फिरू लागली. हरवलेलं काहीतरी शोधावं तशी ती फिरत राहिली. हसू गेलं.

"तोताराम," आबा म्हणाले, "रिबिट कोठे शेतस रे?"

खोलीत मी होतो, अक्का होत्या, नाना होते. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नुसतं माझं नाव घ्यायचं होतं. नाना म्हणाले, "आजून बाकी शेतस, आबा."

आबांनी मांडीवरचं इंजिन बाजूला सारलं. "सांगेल दिनले काम व्हवाले पायजे," ते म्हणाले. "आम्ही असं कधी करं नही."

साहेब, याचा अर्थ, सांगितलेल्या दिवशी काम झालं पाहिजे, आम्ही असं कधी केलं नाही.

लाजेनं माणसाची भूक मरते म्हणतात. मी त्या दिवशी आमरसाबरोबर तीन मांडे खाल्ले. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

तेव्हापासून तेरा महिने आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत, मना तोताराम आते आळशी व्हयना. दाढी करायला येणाऱ्याला सांगतात, डॉक्टरांना सांगतात. आज दारात महाजन सरांना नमस्कार केल्याबरोबर तेच सांगितलं, आणि सर बिचारे हसले. नाना बाजूलाच उभे होते. ज्या माणसाचा पाव आटा चुकलेला मी कधी पाहिला नाही, तो साठाव्या वर्षी वडिलांच्या तोंडून आळशी हा शब्द ऐकतो आणि मान खाली घालतो. का? तर भूपेंद्रला कोणी बोलू नये. मी बोलायला गेलो की नाना म्हणत, जाऊ दे, म्हातारं माणूस, तुझ्यावर चिडेल आणि मग तुला घरी येववणार नाही.

पण नानांनी मला सोडलं असं कोणी समजू नका. आखाजीनंतरच्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर पत्र्याची पट्टी, ट्यूबचा तुकडा आणि दाभण ठेवलं. म्हणाले, "बस." रंगाऱ्याचा हात फुटाफुटानं चालणारा, तो दाण्यादाण्यानं कसा चालावा? पहिल्या आठवड्यात मी रिबिटं कमी आणि भोकं जास्त पाडली. नाना माझी पट्टी उलटी करत, डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत आणि टोपलीत टाकत. "पुन्हा." पावसाळा गेला, पुन्हा. दिवाळी गेली, पुन्हा. माझा डबा रोज कोरडा व्हायचा, पोळी खायला वेळच राहायचा नाही. माझी बायको रत्ना इथंच बसली आहे. तिनं विचारलं, हल्ली तुम्ही दुपारी करता तरी काय? मी म्हटलं, शिक्षा भोगतो.

होळीच्या सुमारास एक पट्टी नानांनी टोपलीत टाकली नाही. चांगली आहे असंही म्हणाले नाहीत. शर्टाच्या खिशात घातली आणि कामाला निघून गेले.

व्यासपीठावर त्या हिरव्या कापडाखाली काय आहे, हे तुम्ही मघापासून एकमेकांना विचारता आहात. तेच इंजिन आहे. टेंडरचं सगळं कातडं सोलून नानांनी नवं केलं; पद्धत आता हातात बसलेली, म्हणून सहा वर्षांचं काम वर्षभरात झालं. या खेपेला रंगही त्यांनीच दिला, पाच पातळ हात, मला फक्त ब्रश धुवायला दिला. आबांना अजून हे दाखवलेलं नाही. निवृत्तीच्या दिवशीच द्यायचं, असं नानांनी ठरवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी ते पाहिलं, आणि टेंडरला माझी ती पट्टी चिकटवलेली दिसली. मी म्हटलं, नाना, ही काढा, ही सरळ नाही. नाना म्हणाले, "ते आबा सांगतीन."

तर आबा, मी भूपेंद्र बोलतोय. माझी अहिराणी मोडकी आहे, हसायचं तर हसा. आबा, तुमना तोताराम आळशी नही शे. त्यानी सांगेल दिनले बठ्ठं काम करं व्हतं. तीन हजार एकशे अठरा रिबिट. ते मी बुजाडं. मन्हा रंगनी बुजाडं. तोतारामनी मन्हं नाव सांगं नही.

साहेबांसाठी याचं मराठी करायला हवं, पण आपल्याला समजलं असावं असं दिसतंय.

आबा, तेरा महिने तुम्ही जे त्यांना बोललात ते माझं होतं. ते आज मी परत घ्यायला आलो आहे.

अध्यक्ष महोदय, आपण मला एवढा वेळ बोलू दिलंत, महाजन सरांनी माझा आगाऊपणा हसून घेतला, मगनभाऊंनी चिठ्ठी दोनदा वर केली पण माइक काढून घेतला नाही, सुनंदा अक्कांनी एवढं सगळं ठाऊक असून आखाजीला मला तिसरा मांडा वाढला, त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. आता रिवाजाप्रमाणे कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणून मी खाली बसायला हवं. पण वक्ते नेहमी चुकीची माफी मागतात आणि चूक कुठं आहे ते सांगत नाहीत. मी जागा सांगून ठेवतो. टेंडर, डावी बाजू, वरून दुसरी ओळ, सेहेचाळीस रिबिटं.

अक्का, आबांचा हात धरून त्यांना वर आणा. नाना, कापड काढा.

आबा, सावकाश पहा. त्या ओळीत बोट कुठं अडखळलं तर तोतारामले हाक मारू नका. मला मारा. मी इथंच उभा आहे.